प्लास्टर अजून ओलं आहे

(दगडखाणीच्या कड्यातली बुटकी गुहा. आत बहीण जमिनीतली प्राचीन अस्वलाची हाडं प्लास्टरमध्ये गुंडाळून काढते आहे. तोंडाशी तिचा धाकटा भाऊ, खाणीतला सुरुंगवाला. मुकादमाचा आवाज वॉकीटॉकीवरून.)

भाऊ : ताई, तुझं ‘आलेच’ ऐकून कान किटले माझे. बाहेर ये.

ताई : प्लास्टर ओलं आहे अजून.

भाऊ : दुपारपर्यंत आवरेल म्हणालीस, म्हणून भोकं भरून बसलो मी. भरलेला सुरुंग रात्रभर ठेवता येत नाही. अंधाराच्या आत उडवावाच लागतो.

ताई : माहीत आहे रे. पण इथे एवढा गारठा असेल असं कुठे वाटलं होतं? प्लास्टर धरतच नाहीये.

भाऊ : मग तसंच उचल.

ताई : ओलं उचललं तर आत नुसता भुगा उरेल. शेवटचं हिमयुग सरता सरता ही अस्वलं संपली, ती कायमची. उभं राहिलं तर तुझ्या दुप्पट.

भाऊ : तुमच्या म्युझियममध्ये आहे की एक. शाळेत असताना मला ओढत नेलं होतंस बघायला.

ताई : तो नर. तोही अर्धामुर्धा. ही मादी आहे, आणि हिच्या काखेत पिल्लू आहे. हिवाळ्याची झोपली ती उठलीच नाही. अशी मायलेकरं आजवर कोणालाच मिळाली नाहीत.

मुकादम : सुरुंगवाले, माणसं लांब नेली, रस्ता अडवला. भोंगा देऊ?

भाऊ : थांबा. बहीण आत आहे.

मुकादम : अजून? अहो, उजेड चाललाय. नियम मोडला तर परवाना तुमचा जाईल, माझा नाही.

भाऊ : ऐकलंस? मग मी काय, घरी बसून माश्या मारू?

ताई : पिल्लाचं प्लास्टर धरलंय. तेवढं घेऊन तू हो पुढे.

भाऊ : आणि तू?

ताई : आलेच मागून.

भाऊ : ओळखून आहे मी तुला. पाठ फिरवली की परत फतकल मारून बसशील.

ताई : बसेन. मी आत असताना तू बटण दाबणार नाहीस, हे मलाही माहीत आहे.

भाऊ : म्हणजे माझ्याच जिवावर उड्या. राग येतो ताई तुझा. खरंच येतो.

ताई : येऊ दे. तिला टाकून पाय निघत नाही माझा. रडू येतंय मला.

मुकादम : सुरुंगवाले, काय ठरलं?

भाऊ : यंत्राची चावी माझ्या खिशात आहे आणि मी आत चाललोय. ती बाहेर येईपर्यंत कोणाला काही उडवता येणार नाही. कड्याकडे कोणाला फिरकू देऊ नका.

मुकादम : डोकं फिरलंय का तुमचं? मला वर कळवावं लागेल.

भाऊ : कळवा खुशाल.

ताई : अरे, काय करतोयस हे? तुझा परवाना जाईल...

भाऊ : ते बाहेर गेल्यावर बघू. प्लास्टरला ऊब लागते ना?

ताई : लागते.

भाऊ : मग सरक जरा. कोट काढतो, तो घाल तिच्या अंगावर.