पुढच्या चाकांचा जोर

(तारनाक्यामागचं उमाजींचं गॅरेज. दुपार. जॅकवर उचललेली जीप.)

त्रिवेणी : लॉकरच टाका, काका. पुढच्या ॲक्सलला. सगळ्यात घट्ट असेल तो. आणि परवा गाडी द्या.

उमाजी : आधी बस. तुझ्या बाबांचा फोन होता बरकतपुऱ्याहून. आठ दिवस झाले, पोरगी धड जेवत नाही, बोलत होते.

त्रिवेणी : बाबांना गाडीतलं काही कळत नाही.

उमाजी : गाडीचं नाही बोलले ते.

त्रिवेणी : काका, प्लीज. राणीचा नववा महिना संपत आलाय. तीही त्याच ओढ्यापलीकडची, जिथं त्या दिवशी गाडी अडकली. अँब्युलन्स अलीकडंच थांबते. त्या बावीस घरांना डॉक्टर म्हणून मी आणि गाडी म्हणून ही जीप, बस्. सोमवारच्या आत मला पलीकडं पोचायचंय.

उमाजी : हौ, समजलं. पण काय मागतेस ते तरी ऐक. साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणाऱ्या त्या डब्यात, जे चाक मोकळं, सगळा जोर तिकडं जातो, वाया. लॉकर दोन्ही चाकं बांधून टाकतो. एक हवेत असलं तरी दुसरं ओढतं. पण स्टिअरिंग ऐकत नाही मग. दगडात असा हिसका मारतं, अंगठा जातो.

त्रिवेणी : जाऊ दे.

उमाजी : लिमिटेड स्लिप नरम असतं. थोडा जोर इकडं, थोडा तिकडं. स्टिअरिंग हातात राहतं.

त्रिवेणी : आणि चाक हवेत असलं तर?

उमाजी : तर ते जरा कमी पडतं. ब्रेक हलका दाबून धरावा लागतो, म्हणजे मोकळं चाक आवरतं.

त्रिवेणी : मग नको.

उमाजी : तिसरं बटणाचं. पाहिजे तेव्हा लॉक, नाही तर मोकळं. सगळ्यात बेस. पण या ॲक्सलचं बाहेरून मागवायला महिना जातो.

त्रिवेणी : महिनाभर राणी थांबणारय का? लॉकर टाका, काका. हात मोडला तरी चालेल मला.

उमाजी : तुझा हात मोडला तर बाळंतपण कोण करणार, बेटा? त्या दिवशी काय झालं ते सांग. तू पण आधी विचारतेस ना पेशंटला, कुठं दुखतं? मग गोळी देतेस.

त्रिवेणी : पद्मावती मागच्या सीटवर होती, कळा येत होत्या. बाळ आडवं. ऑपरेशनशिवाय मार्ग नव्हता. ओढ्याच्या मधोमध पुढचं उजवं चाक दगडावरून उचललं गेलं, मागचं डावं चिखलात गरगर फिरत राहिलं. गाडी हलेचना. दीड तास, काका. वस्तीतली माणसं आली, दोर लावून ओढली. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा बाळाचे ठोके नव्हते. पद्मावती वाचली.

उमाजी : पुढचं चाक हवेत होतं. ते फिरत होतं का?

त्रिवेणी : नाही.

उमाजी : नीट आठव. तू रेस देत होतीस तेव्हा?

त्रिवेणी : नव्हतं फिरत. खिडकीतून दिसत होतं मला. नुसतं पाणी निथळत होतं त्यावरून. का?

उमाजी : काही नाही.

त्रिवेणी : काका, बोला.

उमाजी : हवेतल्या चाकाला जोर मिळाला असता तर ते पंख्यासारखं फिरलं असतं. म्हणजे पुढं जोर पोचलाच नव्हता. उतरून चाकांवरचे खटके फिरवले होतेस?

त्रिवेणी : फोर-व्हीलचा लीव्हर टाकला होता मी.

उमाजी : लीव्हर आत. खटके बाहेर, पुढच्या दोन्ही चाकांवर. ते लावल्याशिवाय चाक ॲक्सलला जोडलंच जात नाही, नुसत्या लीव्हरनं काय होतं?

त्रिवेणी : माहितीये मला! दर वेळी ओढ्याआधी उतरते मी. दोन मिनिटांचं काम. त्या दिवशी दार उघडलं तर पद्मावतीनं मागून ओढणी धरली. ‘सोडून जाऊ नका’ म्हणून ओरडायला लागली. मी म्हटलं, एवढासा ओढा, निघेल.

उमाजी : आणि अडकल्यावर?

त्रिवेणी : डोकंच चाललं नाही. तिच्याकडं जायचे, परत स्टिअरिंगवर यायचे. खटके परवा आठवले, आंघोळ करताना. कुणाला सांगितलं नाही मी. काका, लॉकर असता तर निघाली असती ना?

उमाजी : खटके सुटे असले तर लॉकर काय करणार? त्याच्यापर्यंतच जोर जातो, चाकापर्यंत नाही.

त्रिवेणी : म्हणजे मीच मारलं त्या बाळाला.

उमाजी : असं मी बोललो नाही.

त्रिवेणी : मग काय बोलताय?

उमाजी : खटके लावले असतेस तरी सगळा जोर त्या हवेतल्या चाकालाच गेला असता. कदाचित निघाली असती, कदाचित तशीच अडकली असती. मला माहीत नाही, बेटा. खोटं बोलून तुला झोपवणार नाही मी.

(त्रिवेणी ओढणीत तोंड लपवते.)

उमाजी : रड. इथं कुणी बघत नाही.

त्रिवेणी : मुलगा होता, काका. पुरा वाढलेला.

उमाजी : हौ.

त्रिवेणी : आता काय टाकायचं ते तुम्हीच सांगा.

उमाजी : लिमिटेड स्लिप. आणि खटके कायमचे लावून टाकतो, तुला उतरायलाच नको. डिझेल जास्त खाईल, खाऊ दे. लॉकर घालून तसं केलं तर डांबरी रस्त्यावरही गाडी खेचत राहील. ब्रेक कसा दाबायचा ते मागच्या मैदानात शिकवतो. हाताला सवय होईपर्यंत.

त्रिवेणी : नाही जमणार. त्या दिवसापासून स्टिअरिंगवर बसलेच नाही मी. इथपर्यंत गाडी शेजारच्या विक्रमदादानं आणली.

उमाजी : भीती वाटू दे. भीत भीतच शिक. शुक्रवारी गाडी तयार. शनिवारी मी येतो सोबत.

त्रिवेणी : राणीकडं?

उमाजी : पद्मावतीचं घर कुठंय?

त्रिवेणी : त्याच वस्तीत. कालच घरी सोडलं तिला.

उमाजी : मग आधी तिथं.

त्रिवेणी : काय सांगू तिला?

उमाजी : मला सांगितलंस तेच.

त्रिवेणी : आणि तिनं दार लावून घेतलं तर?

उमाजी : तर बाहेर बसू. मला काय जल्दी नाही.