अकाउंट नसलेली पोट्टी

पोरांले सोशल मीडिया कायद्यानं बंद करा म्हणून राहिले ना तुम्ही, मले माझ्या लहान भावाचं घर आठवते.

संजू तिकडं हिंदी मुलखात, चौबे कॉलोनीत राहते. त्याची पोट्टी तन्वी, सातवीत आहे. मागच्या गणपतीत मंडळाच्या स्टेजवर नाचता नाचता ती पडली. त्याचा व्हिडिओ कोणीतरी हसण्याचा आवाज लावून शहरभर फिरवला. शाळेत पोट्टे तिले ‘धपाक’ म्हणून चिडवू लागले. तिनं शाळेत जाणं सोडलं, जेवण टाकलं, खोलीतून बाहेरच येईना.

मी भेटायला गेलो, तर संजू तडकलेलाच होता.

“भैया, सरकारनं कायदाच कराले पाहिजे. सोळा वर्षांखाली कोणाले अकाउंट नाही म्हणजे नाही! काहून देतात मायबाप पोट्ट्यांच्या हातात हे?”

मीही हव, हव म्हणून राहिलो होतो. तेवढ्यात तन्वी दारात येऊन उभी राहिली. चेहरा अर्धा झालेला.

“पापा, मेरा तो अकाउंट ही नहीं है. वीडियो आपने डाला था. मैंने मना भी किया था.”

संजूनं घाईघाईनं मोबाईल काढला अन् व्हिडिओ पुसून तिच्यासमोर धरला.

“हे पाय बेटा, डिलीट केला.”

“बाकी सबके फोन से भी हट गया क्या?”

संजूनं माझ्याकडे पाहिलं. तन्वी आत निघून गेली.