चाळीस शिंपल्या आणि एक सर्टिफिकेट

बाबांमुळे. दुसऱ्या कोणाचं नाव घ्यायची गरजच नाही काका — तुम्ही विचारलंत ना, शिक्षण अर्धवट का सोडलं, तर बाबांमुळे. काशिनाथराव, टाइम ऑफिस, तीस वर्षं कारखान्यात लोकांच्या हजेऱ्या लावल्या आणि माझी एक घालवली. बसा, बसा. डॉक्टर अर्ध्या तासात येतील, पण त्यांची तशी गरज नाही तुम्हाला, ते कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून जातात, आजार मी भरतो. मुलीचं नाव सांगा. कल्पना. कॉलेज इंदूरला. साखरपुड्यासाठी आठ दिवस घरी ठेवून घेतलंत आणि तिकडे प्रॅक्टिकल बुडालं — बरोबर? नाही, चेहऱ्यावरून नाही ओळखलं. इथे रोज दोन-तीन येतात असे. मग, आजार काय लिहू?

तुम्हीच सांगा म्हणता. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहून तुम्हाला माहीत नाही? जुलाब लिहिले की तीन दिवस मिळतात, ताप लिहिला की पाच, कावीळ लिहिली तर महिना, पण मग परत आल्यावर थोडं पिवळं दिसावं लागतं. बाबांना हे सगळं तोंडपाठ होतं. लग्नं, मुंजी, गावाकडची घरं रंगवणं — आमच्या क्वार्टरमधलं एकही कार्य हक्काच्या अर्न्ड लीव्हवर झालेलं नाही, सगळं मेडिकलवर. माझी आई कागदावर चार वेळा मरणाच्या दारात होती. आम्हाला त्यात काही वाटायचंच नाही. दूधवाला यावा तसं सर्टिफिकेट यायचं.

आणि मी, उदय काशिनाथ, कोकणात समुद्री जीवशास्त्र शिकत होतो. हसा, सगळे हसले. बाबा म्हणाले, पाणीच बघायचं तर इथला बडा तालाब काय वाईट आहे. शेजारचे केशवकाका आईला विचारायचे, वहिनी, पोरगा पापलेट कधी पाठवतोय. भोपाळचा मुलगा मी, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो ॲडमिशनच्या दिवशी — फी भरायच्या लाइनीतून खिडकीबाहेर दिसला. वर्गात पहिले सहा महिने नुसत्या फळ्यावरच्या आकृत्या आणि लॅटिन नावं, भरतीची कोष्टकं, डोकं फुटायची वेळ. पण कमलिनी मॅडम अमावस्येला आणि पौर्णिमेला वर्ग घ्यायच्या नाहीत. सकाळी सहाला ओहोटी पूर्ण लागलेली असायची, साडी खोचून, प्लास्टिकच्या चपला घालून त्या खडकावर पुढे आणि आम्ही मागे. लोखंडी चौकट खडकावर टाकायची आणि तिच्या आत जे जे जिवंत असेल ते मोजायचं. एवढंच. दोन तास वाकून. पाठ मोडायची. मला वाटायचं, पाणी परत येऊच नये.

टोपीसारख्या शिंपल्या असतात काका, खडकाला चिकटलेल्या. दगड वाटतात. पण पाणी चढलं की त्या निघतात, शेवाळ खरवडत फिरतात, आणि ओहोटीच्या आत आपापल्या जागी परत — जागी म्हणजे त्याच खळग्यात, बोटभर इकडे नाही का तिकडे नाही. खडकावर त्यांच्या कडेच्या मापाचा वळ पडलेला असतो. माझा प्रोजेक्ट तोच होता, किती परत येतात. माझ्या बहिणीची, कांचनताईची, लाल नेलपॉलिश चोरून नेली होती मी, त्या नेलपॉलिशने चाळीस शिंपल्यांवर आकडे घातले. जानेवारीत मोजल्या तेव्हा अडतीस जागेवर. एकोणीस आणि सत्तावीस गायब. मॅडम म्हणाल्या, घाई करू नकोस, पुढच्या दोन अमावस्या बघ, मग लिही.

फेब्रुवारीत ताईचं लग्न. चार दिवस मागितले होते मी कॉलेजात, मिळालेही असते, खरं सांगून. पण बाबांना खरं सांगून रजा मागायची लाज वाटते. पंधरा दिवस ठेवून घेतलं — मांडववाला, केटरर, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं — आणि मला न विचारता कॉलेजला सर्टिफिकेट पाठवलं. टायफॉइड आदल्या वर्षी वापरून झाला होता. म्हणून फिट. आपल्याच डॉक्टरांनी लिहिलं, हो, हेच, तेव्हा टाउनशिपच्या हॉस्पिटलात होते. आकडीचा त्रास, पंधरा दिवस विश्रांती, पुढेही काळजी घ्यावी. ‘पुढेही’ हा शब्द बाबांनी मागून घेतला होता, परत कधी लागलं तर असावं म्हणून.

आता सांगा, ज्याला फिट येते त्याला ओल्या खडकावर कोण उभं करील? होडीत कोण घेईल? कॉलेजचा नियमच होता, आणि बरोबर होता. माझं नाव फील्डच्या यादीतून काढलं. फील्ड नाही तर प्रोजेक्ट नाही, प्रोजेक्ट नाही तर सहावं सेमिस्टर नाही. मॅडम म्हणाल्या, चुकीचं सर्टिफिकेट होतं एवढं घरून लिहून आण. मी बाबांना फोन केला. म्हणाले, चार महिने राहिलेत रिटायरमेंटला, चौकशी लावतोस का माझ्यावर? आणि डॉक्टरांची नोकरी? मासे मोजायला आख्ख्या घराला बाहेर काढतोस का?

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाल्या, उदय, मला कागद नको, तू सांग. तुला फिट येते का? नाही म्हण, मी आत्ता प्रिन्सिपलांकडे जाते, पुढचं मी बघते.

येते म्हणालो.

काय? नाही, बाबांनी असं सांग म्हणून सांगितलं नव्हतं. ते म्हणाले होते, तुझं तू बघ. मी बघितलं. मॅडमनी माझी वही माझ्याकडे सरकवली, म्हणाल्या, सांभाळून जा — आणि त्यांनी शिपायाला माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत पाठवलं, रस्त्यात मला काही होऊ नये म्हणून.

तसं बघू नका. वीस वर्षांचा होतो मी. आणि आता बाबा येईल त्याला स्वतःहून सांगतात, आमच्या उदयला फिटचा त्रास ना, म्हणून सोडावं लागलं. अगदी डोळ्यांत पाणी आणून. त्यांना आता ते खरंच वाटतं. दोन स्थळं परत गेली त्यावरून. तुम्हीही ऐकलेलं आहे — मघाशी मी पेन उचलायला वाकलो तर तुम्ही खुर्ची मागे घेतलीत, दिसलं मला. डॉक्टरांनी रिटायर झाल्यावर मला इथे बसवलं. एकदाही विषय काढला नाही. फक्त फिट कोणाला लिहू नकोस म्हणाले.

बोला, काय लिहू कल्पनाला? ताप? तिला विचारलंय तुम्ही? तिचं कुठलं प्रॅक्टिकल होतं, ते तरी माहीत आहे? नाही ना. मग उठा काका. बाहेर जाऊन आधी तिला फोन लावा, आणि मग वाटलं तर दुसऱ्या दवाखान्यात जा, चौकात आहेत तीन. हा फॉर्म मी भरत नाही.

आणि मला कधीच फिट आलेली नाही. पाच सेमिस्टर पास आहे. सहावं राहिलं.