आतलं कुणाला दिसतंय

हॅलो? …व्हय ताई, सम्राटच बोलतोय. …घाटात हाय. पोचतोय की जोतिबाला, थांब तू देवळापाशी. …अप्पा? हायत की. मागं बसल्यात. …आता नको, झोपल्यात. …अगं गुडघ्याचं आपरेशन झाल्यापास्नं गाडीत डोळा लागतोय त्यांचा…

काय? …बनाकाकूचा फोन आल्ता? वडापच्या जीपमधनं? अप्पा तिच्याशेजारी बसल्यात म्हणाली? …व्हय. खोटं बोललो. चुकलं. …अगं ऐक की!

सकाळी अप्पा पांढरंधोट धोतर नेसून दारात आलं. जीपला नवी टायरं घातलीस, आधी देवाचा गुलाल लागू दे, म्हणालं. आन् चढताच येईना त्यास्नी. …गाडी आधीच तीन इंच उंच करून घेतल्याली, त्यात ही मोठी टायरं… तीनदा पाय उचलला ताई. सगळी गल्ली बघत हुती. मग हसलं आन् म्हणालं, तू हो म्होरं, मी वडापनं येतो. …आन् मी आलो निघून! …खरं सांगू? अप्पांची लाज वाटली मला तवा. बापाची.

…रडू नको गं.

…आता? गाडी चढाला बंद पडलीया. सयाजी मिस्त्री कानीकपाळी वरडत हुता, एवढी मोठी टायरं घालतोयस तर आतलं गिअरबी बदल, न्हायतर घाटात ओढणार न्हाय. मी म्हटलं, आतलं कुणाला दिसतंय? त्याच पैशात टपावर लाइटा बसवल्या. …सहा. …व्हय, दिवसाढवळ्या काय करायच्यात! रेस करकरून क्लच जळाला. हँडब्रेकबी धरंना. ब्रेकवर पाय दाबून बसलोय, उतरता येत न्हाय. जाणारं-येणारं म्हणत्यात, काय पावणं, नुसती शोसाठी आणलीया व्हय?

…वडाप गेली की आत्ता म्होरनं. अप्पांनी बघितलं मला. मी तोंड फिरवलं…

थांब, थांब. अप्पाच हायत. वडापातनं उतरून चालत येत्यात, वळणावरनं… हातात धोंडा हाय गं! …अप्पा, नगा! गुडघा!

ताई, चाकामागं खाली बसल्यात. त्याच पायावर. …धोंडा लावत्यात. …म्हणत्यात, सोड ब्रेक, मी हाय हितं. …कसा सोडू? मागं हायत की त्ये! …ओ पावणं! तुमच्या पाया पडतो, जरा त्यास्नी उठवा की…

…उठलं. उठलं गं. धोतराला समदी माती.

…आता सोडला ब्रेक. थांबलीया गाडी. …काय की, अप्पांनी त्या पावण्याला आणखी एक धोंडा आणाय लावला. …दाराशी ठेवला. …त्यावर पाय दिला… दांडी धरली…

चढलं ताई. …एका दमात.

…एवढा धोंडा मला सुचला न्हाय गं सकाळी. दारातच पडल्यालं चार.

…काय न्हाय, पाठीवर हात ठेवलाय त्यांनी. …घे, आता खरंच गाडीत हायत, शेजारीच बसल्यात. तूच बोल.