शेवटची थरथर

नाही नाही दादा, स्विचला हात नका लावू! — बेअरिंग गेलंय, कळलं मला, खडखड काय मला ऐकू येत नाही? पण कॉम्प्रेसर आज बंद केला तर आतलं सगळं तापेल, आणि पुन्हा गार व्हायला पाच दिवस. परवा पाहुणे येतायत. — आत काय? एक पडदा. ढोलाचं कातडं ताणलेलं असतं ना, तसा, पण केसाच्या जाडीहूनही लहान. आपण थंडीनं कुडकुडतो, याचं उलट — हा उष्णतेनं थरथरतो. गार करत गेलं की थरथर कमी कमी होते, आणि शेवटी एवढीशी उरते, जी कुणाच्या बापाला काढता येत नाही. ती बघायची. सात वर्षं तेवढ्यासाठी. — हसा, माझी आईही हसते. म्हणते, लोक संसार मांडतात, तू गारठा मांडलास.

आणि दिसली की! मार्चमध्येच — म्हणजे आलेख तसा आला. आमच्या सरांनी, ही प्रयोगशाळा त्यांचीच, सगळीकडे पाठवला. निवृत्तीला तीन महिने राहिलेले, डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणून तर पाहुणे येतायत, स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. — एकदा जमलं तर पुन्हा जमेल? तेच तर! जमेलच — म्हणजे जमायलाच हवं — आज सकाळी अगदी जवळ आलं होतं, या खडखडाटानं घात केला. दोनच दिवस चालवा, काहीतरी बांधा, वंगण ओता, पाया पडते तुमच्या. — जळेल? अख्खं?

असं बघू नका माझ्याकडे. त्या आलेखातले शेवटचे चार ठिपके मी ठेवले. हातानं. आधीचे तिकडेच उतरत चालले होते हो, आज ना उद्या पोचलेच असते — सर दारात उभे, “आलं का गं?” रोज विचारायचे, रोज मी मान हलवायचे, आणि त्या दिवशी तोंडून ‘आलं’ निघून गेलं. आधी बोलले, मग ठिपके टाकावे लागले. तेव्हापासून खऱ्याला खोट्यामागे पळवतेय, दिवसरात्र. दमलं हे मशीन. मी पण —

सरका. मीच बंद करते.

— नाही, तुमच्या कामाच्या कागदावर सही नंतर करेन. पेटी उचला आणि निघा. दार ओढून घ्या जाताना. मला सरांना फोन लावायचाय.