पुसलेले मेसेज

लातूरच्या स्टँडवर नांदेडची बस अजून लागली नव्हती. मांडीवरच्या बाळाचं कपाळ सुकन्या घडीघडी चाचपत होती. कान मात्र शेजारच्या बापलेकीकडं होते.

"अंबिका, पावण्यांनी विचारलं, पोरगी युनिव्हर्सिटीत काय शिकायली, तर काय सांगू?"

"मोबाईलनं माणसांचं बोलणं कसं बदललं, ते शिकते म्हणा. त्यासाठी आईचे व्हॉइस मेसेज पाहिजेत, अप्पा. मी होस्टेलला असताना रोज पाठवायची, ते."

"तुझ्याकडं असतील की."

"क्लासच्या व्हिडिओंना जागा पुरंना, म्हणून पुसले. आईच्या मोबाईलमध्ये असतील ना?"

"ती गेल्यावर तो आत्याला दिला, बाई. दुकानदारानं विचारलं, काही ठेवायचं का? म्हणलं, पुसून टाक सगळं."

"आईचा आवाजपण पुसला, अप्पा?"

"रडू नको. लोकं बघायलेत."

"तुम्ही तरी म्हणून दाखवा, ती म्हणायची तसं."

"अंबे... जेवलीस का गं, माय? उपाशी... अभ्यासाला... बसू नको."

"एवढं सावकाश कुठं, अप्पा? आई पटापट बोलायची."

"सावकाशच बोलायची ती. जन्मभर. पटापट कधी ऐकलीस तू?"

"क्लासची घाई असायची, अप्पा. मेसेज दुप्पट वेगानं लावून ऐकायचे मी."