पाच फुटांवर इंदू

केडगावला डोळ्यांच्या दवाखान्यात गोरक्षच्या कानांना काम मिळालं. शेजारी म्हातारे फोटोग्राफर विष्णुपंत, त्यांची बायको आणि नात बसली होती.

“आजोबा, अडॅप्टर लावून तुमची जुनी लेन्स माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवली. फोकस मात्र हातानंच करायचा.”

“आण इकडं. इंदू, बस नीट.”

“अहो, मोतीबिंदू झालाय तुम्हाला! मी तरी दिसते का?”

“पाच फुटांवर लेन्सची रिंग कुठं थांबवायची, ते बोटांना ठाऊक आहे. बोलू नकोस, हलशील.”

“चाळीस वर्षं गावाची लग्नं टिपलीत. माझा एक फोटो नाही, आणि आता दिसेनासं झाल्यावर…”

खटक्.

“गोरक्ष कोण? आत चला.”

“थांबा वो सिस्टर, फोटो बघू द्या.”

“भार्गवी, कसा आलाय?”

“आजोबा, पापण्या मोजता येतील! फक्त आजीचं तोंड उघडं आहे.”

“म्हणजे हुबेहूब आलाय.”